मला फोडायचे ठरले तो हिवाळा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी नाव आहे. ग्रीस देशातल्या फूर्नी नावाच्या बेटावर माझे सारे आयुष्य गेले. माझे नाव एव्हान्थिया. मी स्वभावाने घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. अंधार पडताना वारा फिरला की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. खडकांची मला भीती वाटे, मोठी जहाजे जवळून गेली की त्यांच्या लाटांची भीती वाटे. पण कागदावर लिहिलेल्या एका वाक्याचीही भीती वाटते आणि ती सर्वांत वाईट असते, हे मला म्हातारपणी कळले. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगते.

माझा जन्म शेजारच्या सामोस बेटावर झाला. तिथल्या डोंगरात पाइनची उंच झाडे आहेत. त्यांच्या लाकडात राळ इतकी असते की त्याला सहसा कीड लागत नाही. निकितास नावाच्या मिस्त्रींनी त्या लाकडातून आधी माझा कणा घडवला, मग एकेक फासळी वाकवून त्यावर बसवली. मी अर्धवट असतानाच एक तरुण कोळी मला बघायला फेरीबोटीने वारंवार येई. तो काही बोलत नसे. नुसता माझ्या फासळ्यांवरून हात फिरवत बसे.

"अर्गिरिस, लग्नाआधी बायकोला तरी एवढा बघायला गेला होतास का रे?" मिस्त्रींनी त्याला एकदा विचारले.

"गेलो होतो. तिच्या बापाने दारातूनच परत पाठवला," तो म्हणाला.

हा अर्गिरिस माझा मालक. त्याने मला आपल्या आईचे नाव दिले. मला पाण्यात उतरवायच्या दिवशी ती थोरली एव्हान्थिया काळे कपडे घालून धक्क्यावर आली होती. धर्मगुरूंनी तुळशीसारख्या पाल्याची जुडी पाण्यात बुडवून माझ्यावर शिंतोडे उडवले. सगळे गंभीर उभे होते. म्हातारीने मला पुढून मागून न्याहाळले आणि म्हणाली, "नाव बरोबर ठेवलंस. बूड माझ्यासारखंच रुंद आहे." धर्मगुरूंनासुद्धा हसू आवरले नाही.

ती माझी चांगली वर्षे होती, मित्रांनो. अर्गिरिस आणि त्याची बायको फोतिनी दोघे मिळून मासेमारीला येत. जाळे ओढण्यात फोतिनीचा हात त्याच्यापेक्षा चपळ होता आणि जीभ त्याहून चपळ होती. त्यांना मुलगी झाली तेव्हा तिलाही आजीचेच नाव ठेवले. म्हणजे घरात तिसरी एव्हान्थिया झाली. गोंधळ नको म्हणून मुलीला आन्थी म्हणू लागले. तान्ह्या आन्थीला ती दोघे संत्र्यांच्या खोक्यात निजवून माझ्या पुढच्या टोकाशी ठेवत. तिला झोका देण्याचे काम माझे. ती उठून रडू नये म्हणून मी लाट हलकेच अंगावर घ्यायला शिकले.

आमच्या बेटाभोवती कोळंबीच्या कुळातल्या मोठ्या शेवंडी पुष्कळ मिळत. जाळ्यात गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली शेवंड आली की अर्गिरिस तिला मोकळी करून परत पाण्यात सोडी. शेजारच्या नावेतला झान्नीस ते पाहून मोठ्याने म्हणे, "सोड, सोड. ती पुढे माझ्याच जाळ्यात येणार आहे. तिला माझा नमस्कार सांग." झान्नीसची नाव म्हणजे पेलागिया. आम्ही दोघी एकाच मिस्त्रींच्या हातच्या. धक्क्याला आमची जागाही शेजारी. जोराचा वारा सुटला की आमच्या कडा एकमेकींवर घासत आणि त्या आवाजाने मला धीर येई.

पुढे समुद्र रिकामा होऊ लागला. हे एका वर्षात झाले नाही, म्हणून कुणी एकदम दचकले नाही. समुद्राच्या तळावरून लोखंडी जड जाळी ओढणाऱ्या मोठ्या बोटी येऊ लागल्या. त्या गेल्या की तळावरचे उपटलेले गवत वर तरंगताना दिसे. आमच्या जाळ्यात माशांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या येऊ लागल्या, नंतर पिशव्यांबरोबर थोडेसे मासे. शेवंडी हाताच्या पंजाएवढ्या मिळू लागल्या. एका वर्षी अर्गिरिसनेही बारीक डोळ्यांचे जाळे विकत आणले. ते त्याने फार दिवस वापरले नाही. आन्थी तेव्हा अथेन्सला कायदा शिकत होती. सुट्टीत आली, जाळ्याच्या छिद्रात तिने आपली करंगळी घालून पाहिली. करंगळी गेली नाही. दुपारी ती मासे न खाता नुसता पाव आणि ऑलिव्ह खाऊन उठली. दुसऱ्या दिवशी ते जाळे फोतिनीच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पसरलेले मला दिसले.

आन्थी शिकली आणि अथेन्समधल्या एका कचेरीत नोकरीला लागली. आपल्या समुद्राच्या काठी किती तरी देश आहेत. त्या देशांची माणसे एकत्र बसून समुद्र जपण्याचे करार करतात. त्या करारांतली वाक्ये ग्रीक भाषेत आणून कायद्याच्या साच्यात बसवायची, हे आन्थीचे काम. अर्गिरिसला तिचा फार अभिमान होता. तो तोंडाने मात्र कधी म्हणाला नाही. नवा माणूस भेटला की तो म्हणे, "माझी मुलगी कचेरीत बसून समुद्राची भाषांतरं करते."

एका ऑगस्टमध्ये ती सुट्टीवर आली होती. मी धक्क्याला बांधलेली होते. माझ्या फळीवरच बसून तिघे तळलेले मासे आणि कलिंगड खात होते. झान्नीसही पेलागियावरून उडी मारून आमच्याकडे आला आणि न विचारता जेवायला बसला.

"नवा करार झालाय, बाबा," आन्थी म्हणाली. "मासे फार कमी झालेत. सगळ्या देशांनी आपापल्या नावा कमी करायच्या असं ठरलंय. जो कोळी स्वखुशीने आपला परवाना परत करेल त्याला भरपाई मिळणार."

"स्वखुशीने," झान्नीस म्हणाला. "हा शब्द तूच घातलास का गं त्यात?"

"शब्द आधीपासून होता, काका."

"मग मोठ्या बोटींचं काय? त्या तळ खरवडून नेतात त्यांचं?"

"त्यांनाही नियम आहेत."

"आहेत ना. आमच्या बेटाला पोलिसठाणंही आहे."

आन्थीचा चेहरा पडला. अर्गिरिसने कलिंगडाची फोड तिच्यासमोर सरकवली. मग तोच म्हणाला, "झान्नीस, खरं सांग, या उन्हाळ्यात तुला गाबोळीवाली शेवंड किती वेळा दिसली?"

झान्नीसने माशाचा काटा पाण्यात टाकला.

"शेताला विसावा देतात," अर्गिरिस म्हणाला. "समुद्राला आपण कधी दिलाच नाही."

त्या वर्षी त्याचा उजवा खांदा निकामी होत आला होता. जाळे ओढताना तो दात आवळून धरी. मुलगी समुद्रावर परत येणार नव्हती. फोतिनी म्हणाली, आता पुरे. सप्टेंबरात अर्गिरिसने परवाना परत करण्याच्या अर्जावर सही केली. पाठोपाठ झान्नीसनेही केली, कारण त्याची दोन्ही मुले जहाजांवर नोकरीला लागून कायमची बाहेर गेली होती.

मला त्याचे दुःख झाले नाही, मित्रांनो. मला वाटले, आता आपण म्हाताऱ्या झालो. अर्गिरिस मला रंगवील, रविवारी फिरायला नेईल. मी समुद्राचा विसावा जवळून बघेन.

काही दिवसांनी बंदर कचेरीतला माणूस धक्क्यावर आला. त्याने माझी लांबी मोजली, फोटो काढले आणि जाता जाता सहज विचारले, "फोडायचं यंत्र नवीन वर्षानंतर येईल. तोवर आतलं सामान काढून ठेवाल ना?"

"कशाचं यंत्र?" अर्गिरिसने विचारले.

तेव्हा कळले. परवाना परत देऊन भागत नव्हते. नाव फुटलेली दाखवावी लागत होती. नाही तर परवाना परत केल्याचे सोंग करून माणसे चोरून मासे धरतील, असा त्यामागचा विचार होता. तो विचार चुकीचा होता असे मी म्हणत नाही. असली चोरी मी स्वतः पाहिली आहे. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. धक्क्यावर चाक वाजले की मला धडकी भरे. पाव घेऊन येणारी गाडी असे, पण माझ्या फळ्या करकरत.

अर्गिरिसने त्याच संध्याकाळी आन्थीला फोन केला. माझ्या कडेवर बसूनच केला.

"तुला हे माहीत होतं?" त्याने विचारले. मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "नाही, रागावलो नाही. विचारलं फक्त," आणि फोन खिशात ठेवला. फोतिनीने काय म्हणाली म्हणून विचारले. तो म्हणाला, "तिथे लिहिलंय, 'नाव कायमची सेवेतून काढणे'. ते वाक्य तिनेच ग्रीकमध्ये केलंय. म्हणते, नियम सगळ्यांना सारखा हवा, माझ्या बापाला वेगळा कसा चालेल."

"बरोबरच आहे तिचं," फोतिनी म्हणाली, आणि डोळे पुसले.

आधी पेलागियाची पाळी आली. आमच्या बेटावर यंत्र नसल्याने एका नावेपुरते एक जुने यंत्र दुसऱ्या बेटावरून डिसेंबरच्या सुरुवातीलाच आले; माझी पाळी नवीन वर्षानंतर मोठे यंत्र आल्यावर होती. त्या दिवसांत नाविकांचे रक्षण करणाऱ्या संत निकोलासचा सण असतो. सणासाठी आन्थी घरी आली होती. सकाळी पेलागियाला पाण्याबाहेर ओढून धक्क्याच्या पलीकडच्या रिकाम्या जागेत ठेवले. मी दोरीने बांधलेली होते. मला तोंड फिरवता आले नाही.

यंत्र चालवणाऱ्या माणसाने आधी टोपी काढून छातीवर क्रूसाची खूण केली. मग लोखंडी पंजा वर उचलला आणि पेलागियाच्या मधोमध सोडला. ती लगेच मोडली नाही. निकितास मिस्त्रींचे काम होते ते. पंजा दुसऱ्यांदा पडला तेव्हा फासळ्या तुटल्या आणि आतले लाकूड दिसले. इतक्या वर्षांनंतरही ते पिवळे, ताजे होते. हवेत राळेचा वास पसरला. झान्नीस एरवी गप्प बसायचा नाही. त्या दिवशी त्याने कोटाच्या खिशात हात घातले आणि सगळे संपेपर्यंत काढले नाहीत.

आन्थी बापाच्या शेजारी उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला होता. पंजा पुन्हा पडला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "कागदावर हे एका ओळीत संपतं, बाबा."

अर्गिरिस म्हणाला, "इथेही फार वेळ लागत नाही."

पेलागियाचे तुकडे गाडीत भरून नेले. माझ्या शेजारची जागा मोकळी झाली. वारा आला की मी त्या बाजूला कलत असे आणि तिथे कुणीच नसे.

दुसऱ्याच फेरीबोटीने आन्थी अथेन्सला परत गेली. आठवड्याभरात तिचा फोन आला. फोतिनीने तो माझ्याजवळ उभे राहून घेतला म्हणून मला कळले. मूळ करारात एक सवलत होती. जुन्या पद्धतीची लाकडी नाव मासेमारीतून कायमची काढून जमिनीवर ठेवली आणि गावाने किंवा एखाद्या संस्थेने ती सांभाळण्याची हमी दिली, तर ती फोडू नये. पण ही सवलत द्यायची कुणी आणि मागायची कशी, हे आपल्याकडे कुणी ठरवलेच नव्हते. म्हणून ती कुणी कधी मागितली नव्हती. आन्थी वरिष्ठांच्या मागे लागली होती. वरिष्ठ म्हणत होते, आधी गावाची हमी आणा, मग बघू.

आता मला आशा वाटू लागली, आणि मित्रांनो, आशेने भीती कमी होत नाही, ती दुप्पट होते. आधी मी फक्त यंत्राच्या आवाजाला भीत होते. आता फोनच्या आवाजालाही भिऊ लागले.

गावाची बैठक शाळेत भरली. अर्गिरिस गेलाच नाही. "माझ्यासाठी मी कसं मागू?" असे म्हणून तो माझ्यावर येऊन बसला आणि नसलेली गाठ सोडवू लागला. बैठक संपवून फोतिनी धक्क्यावर आली.

"काय झालं?" त्याने वर न बघताच विचारले.

"गावप्रमुख म्हणाला, आज एकीला जागा दिली तर उद्या सगळे मागतील. सगळे माना हलवायला लागले. मला वाटलं, संपलं. मग एकाने हात वर केला."

"कुणी?"

"झान्नीसने."

अर्गिरिसने मान वर केली.

"म्हणाला, शाळेच्या अंगणात ठेवा तिला. एक तरी राहू दे. नाही तर आपण पोरांना सांगू की आम्ही लाकडाच्या नावेतून जात होतो, आणि पोरांना वाटेल म्हातारे थापा मारतात. तुम्ही तशा मारताच, पण ही एक खरी आहे."

"त्याने असं म्हटलं?"

"आणि मग प्रमुखाला विचारलं, सही करतोस की तुझ्या बापाच्या थापा सांगू? झाली सही."

अर्गिरिस हसला. ते हसू फार टिकले नाही. हमीचा कागद अथेन्सला गेला, पण तिकडून उत्तर येईना. ख्रिस्तजयंती गेली. जानेवारीत पाण्याला आशीर्वाद देण्याचा सण आला. त्या दिवशी धर्मगुरू बंदरात क्रूस टाकतात आणि पोहणारे तरुण तो काढून आणतात. सगळ्या नावा गोल करून उभ्या राहतात. अर्गिरिसने मला धुतले, इंजिन चालू केले आणि त्या गोलात नेऊन उभे केले. कुणी काही विचारले नाही. लोक नुसते माझ्याकडे बघत, जसे आजारी माणसाकडे बघतात आणि मग हवापाण्यावर बोलू लागतात. मला वाटत होते, हे माझे शेवटचे पाणी.

सणानंतर निरोप आला. मोठे यंत्र सामोसला येऊन पोहोचले आहे, पुढच्या फेरीबोटीने फूर्नीला येईल. त्याच दिवशी दक्षिणेचा वारा सुटला. बंदर कचेरीने सगळ्या बोटी थांबवल्या. यंत्र सामोसला अडकले. वारा दिवसरात्र घोंघावत होता. आयुष्यभर मी त्या वाऱ्याला भ्याले, आणि आता तो थांबू नये म्हणून मनात विनवण्या करत होते.

वारा जरा पडला त्या दिवशी दुपारी अर्गिरिस एकटाच आला. त्याने माझी एक दोरी सोडली. मग दुसरीला हात घातला. त्याच्या पायाशी एक मोठा हातोडा होता. त्याच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आले. तेवढ्यात फोतिनी धक्क्यावरून धावत आली. तिच्या हाताला पीठ लागलेले होते.

"कुठे निघालास?"

"बाहेर. खोल पाण्यात."

"आणि?"

"आणि तळाला भोक पाडेन. ती समुद्राची आहे, समुद्राला देईन. त्या पंजाखाली नाही देणार."

"आणि तू कसा परत येणार? पोहत? त्या खांद्याने?"

तो दुसऱ्या दोरीची गाठ चाचपत राहिला.

"अर्गिरिस, इकडे बघ. इंजिनाचं तेल आहे तिच्यात, रंग आहे, बॅटरी आहे. समुद्रात काही टाकायचं नाही असं त्या पोरीला चालायच्या आधी शिकवलंस. कलिंगडाची साल टाकली म्हणून तिला धपाटा घातला होतास. आता तीच मुलगी तिकडे दारोदार फिरतेय, आणि तू तिच्या कायद्याला पाठीमागून भोक पाडणार?"

अर्गिरिस माझ्या कडेवर बसला. तो रडला नाही. हातोडा उचलून त्याने बायकोच्या हातात दिला. "घेऊन जा. माझ्याजवळ नको," तो म्हणाला. फोतिनीने हातोडा एका हातात धरला, दुसऱ्या हाताने माझी सुटलेली दोरी परत बांधली, आणि घट्ट आहे की नाही ते दोनदा ओढून पाहिले.

दुसऱ्या दिवशी वारा पूर्ण पडला. फेरीबोट आली. तिचा पुढचा दरवाजा धक्क्यावर उतरला आणि आतून पिवळे यंत्र बाहेर आले. पेलागियाला फोडणाऱ्या यंत्रापेक्षा ते मोठे होते. त्याच्या मागून, गाड्यांच्या मधून वाट काढत, आन्थी उतरली. तीही वाऱ्यामुळे सामोसलाच अडकली होती. यंत्र आणि ती एकाच बोटीने आली होती.

तिचे केस विस्कटलेले होते. तिने बापाला दुरूनच हात केला आणि मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मला कळेना. अर्गिरिसलाही कळले नसावे, कारण तो जागचा हलला नाही.

"मिळाली, बाबा," जवळ येऊन ती म्हणाली. "परवानगी मिळाली. इंजिन काढायचं, आणि तिने पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. कधीच नाही."

अर्गिरिसने तिला जवळ घेतले. झान्नीस मागे उभा होता. तो पुढे आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकणे कठीण गेले.

"आन्थी, ही सवलत करारात आधीपासून होती म्हणतात."

"होती, काका."

"मग माझी फोडायच्या आधी का नाही वाचलीस?"

आन्थीने मान खाली घातली नाही. "वाचली होती. भाषांतरही केलं होतं. ती कुणासाठी आहे ते मला कळलं नव्हतं."

झान्नीस तिच्याकडे बघत राहिला. धक्क्यावरची सगळी माणसे बघत होती. मग तो यंत्रवाल्याकडे वळला. "काय रे, एवढ्या लांबून आलास. तुझ्या या भुताला फक्त फोडताच येतं की उचलताही येतं?"

यंत्रवाला म्हणाला, "पट्टे असतील तर उचलतो."

आणि मित्रांनो, ज्या यंत्राच्या भीतीने मी सारा हिवाळा जागून काढला, त्यानेच मला उचलले. माझ्या पोटाखालून रुंद पट्टे घातले. पंजा माझ्या डोक्यावर आला तेव्हा परवानगी मिळाली आहे हे मी साफ विसरले. पेलागियाच्या फासळ्यांचा आवाज मला ऐकू येऊ लागला. मग माझ्या तळाखालचे पाणी सुटले. मी हवेत होते, माझ्या कण्यावरून थेंब गळत होते. खालून झान्नीस ओरडून सूचना देत होता, डावीकडे घे, हळू, ती म्हातारी आहे. यंत्राने चढण चढून माझा कणा शाळेच्या अंगणात लाकडी ठोकळ्यांवर टेकवला तेव्हा अर्गिरिसने माझ्या कडेवर हात ठेवला.

तेव्हापासून मी इथे आहे. मुले माझ्यात चढतात, सुकाणू फिरवतात, कधी मला चाच्यांचे जहाज करतात. अर्गिरिस कधी कधी येऊन त्यांना गाठी शिकवतो. बेटाच्या उत्तरेच्या खाडीत छोट्या शेवंडी पुन्हा दिसू लागल्या आहेत असे तो म्हणतो. झान्नीस म्हणतो, "तुला दिसणारच. तुझ्या मुलीचा करार आहे." कोणाचे खरे, मला माहीत नाही. मी आता समुद्रावर जात नाही. अर्गिरिसचेच खरे असावे, असे मला रोज वाटते. कारण ते खरे नसेल, तर पेलागिया कशासाठी गेली?

आन्थी अजून त्याच कचेरीत आहे. पण आता नवा करार हाती आला की ती सुट्टी काढून कुठल्या तरी बेटावर जाते, धक्क्यावर बसते आणि त्यातली वाक्ये तिथल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवते. वरिष्ठांना त्यात वेळेचा अपव्यय दिसतो. मित्रांनो, समुद्र जपायचे करार हवेत, फार हवेत. मी रिकामी जाळी ओढलेली नाव आहे, मला हे कुणी सांगायला नको. पण उद्या तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन असे करार लिहाल, तेव्हा तुमची ओळ कुणाच्या अंगावर जाऊन पडणार आहे ते एकदा जाऊन बघा. आणि मोठ्यांना सोडून लहानांवरच पडत असेल, तर ती पुन्हा लिहा.

आणखी एक मागणे आहे, ते माझ्यापुरते. लाकडी नाव जमिनीवर फार दिवस टिकत नाही. पाणी नसले की फळ्या सुकतात, आक्रसतात, त्यांच्यामध्ये भेगा पडतात. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या पोटातून पलीकडचे अंगण दिसू लागले होते. ते सर्वांत आधी झान्नीसच्या लक्षात आले. तेव्हापासून तो रोज सकाळी समुद्राचे पाणी बादलीत भरून चढण चढत आणतो आणि माझ्यावर ओततो. गोडे पाणी कुणाला घालू देत नाही. गोड्या पाण्याने मी कुजेन, खाऱ्याने टिकेन. ओतताना तो पुटपुटत असतो, "दुसऱ्याची नाव, आणि पाठ माझी मोडतेय." पण एकही फळी तो सुटू देत नाही.

अलीकडे तो चढावर मध्येच बसतो. बादली शेजारी ठेवतो आणि धाप लागल्यासारखा समुद्राकडे बघत राहतो. मी इथून ते बघते, आणि तो उठेपर्यंत मला चैन पडत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या वाटेने येत असाल, तर त्याला काही विचारू नका, तो नाहीच म्हणेल. नुसती बादली उचला.